पाणी सफरचंदात असतं : लोफ केकबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात एकाच पदार्थाविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त आले. सफरचंद, दालचिनी आणि जायफळ घालून ब्रेडच्या लांबट साच्यात भाजलेला साधा केक. आयसिंग नाही, थर नाहीत, क्रीम नाही. तरीही निम्म्याहून जास्त पत्रांत तक्रार एकच: वरून छान दिसतो आणि मधून चिकट निघतो. म्हणून हे सदर याच केकला दिलं आहे.

प्रश्न : कप-वाटीच्या मापाने दर वेळी वेगळाच केक होतो. ग्रॅममध्ये नेमकं प्रमाण द्याल का? (नाशिक)

उत्तर : हे प्रमाण ८ × ४ इंचाच्या लोफ टिनसाठी आहे. छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, दोन्ही सपाट भरलेले.

मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ अर्ध्या छोट्या चमच्याहून किंचित कमी. दालचिनी पूड दीड छोटा चमचा, सुंठ अर्धा, किसलेलं जायफळ पाव, आणि दोन लवंगांची पूड. साखर १४० ग्रॅम, वास नसलेलं रिफाइंड तेल १०० मिली, अंडी २, आंबट नसलेलं घट्ट दही ८० ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा. सफरचंद साल आणि गाभा काढून २५० ग्रॅम. बाजारातली मध्यम आकाराची दोन फळं यासाठी पुरतात. या २५० पैकी १०० ग्रॅम किसायचं आणि १५० ग्रॅमच्या एक सेंटिमीटरच्या फोडी करायच्या. वरून भुरभुरायला एक मोठा चमचा साखर.

ओव्हन १७० अंशांवर १५ मिनिटं तापवून ठेवा. टिनला तेलाचं बोट फिरवून आत बटर पेपर असा घाला की दोन्ही लांब बाजूंनी दोन इंच बाहेर राहील. केक बाहेर काढताना हेच कान उपयोगी पडतात. मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि मसाले एकत्र दोनदा चाळा. दुसऱ्या भांड्यात अंडी आणि साखर विस्करने दोन मिनिटं फेटा, रंग फिकट झाला की तेल बारीक धारेने घाला, मग दही आणि इसेन्स. सफरचंद आता किसा आणि चिरा, आधी नाही. कीस मुठीत धरून हलका पिळा आणि ओल्या मिश्रणात मिसळा. चाळलेला मैदा दोन भागांत घालून कट अँड फोल्ड पद्धतीने, म्हणजे उलथण्याने मधून कापत आणि खालचं वर घेत, एकत्र करा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. शेवटी फोडी घाला, टिन भरा, साखर भुरभुरवा आणि मधल्या रॅकवर ५५ ते ६५ मिनिटं भाजा. टिनमध्येच १५ मिनिटं ठेवा, मग कागदाच्या कानांना धरून जाळीवर काढा.

मिश्रण टिनच्या दोन तृतीयांशापर्यंत आलं पाहिजे. ९ × ५ इंचाचा टिन असेल तर केक बुटका होईल आणि आठ-दहा मिनिटं आधी तयार होईल.

प्रश्न : वरून खरपूस, बाजूंनी कोरडा आणि मधे तळाशी बोटभर जाडीचा चिकट पट्टा. टूथपिक कोरडी निघाली होती. तीनदा करून पाहिला, तीनदा तेच. (ठाणे)

उत्तर : सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे २५० ग्रॅम सफरचंदाबरोबर जवळपास २१० ग्रॅम पाणी केकमध्ये जातं. दही, तेल आणि अंडी यांतला ओलावा आपण मोजून घालतो, आणि याच पाण्याचा हिशोब राहतो. शिवाय ते एकदम सुटत नाही. फोड गरम होऊन नरम पडली की मग रस सोडते, आणि तोवर कडेचा केक भाजून झालेला असतो. मधल्या भागातल्या मैद्याला मात्र शिजतानाच जास्तीचं पाणी मिळतं. त्याची खळ होते, केक होत नाही. तुमचा तो पट्टा म्हणजे हीच खळ.

आता ती कुठून येते ते एकेक करून तपासा.

पहिली शक्यता, सफरचंद आधीच चिरून ठेवलं होतं. चिरलेल्या फोडींवर साखर आणि दालचिनी घालून बाजूला ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. पंधरा मिनिटांत भांड्याच्या तळाशी रस जमतो, आणि तोही आपण आनंदाने मिश्रणात ओततो. फोडी काळ्या पडतील या भीतीने लिंबू पिळून ठेवायचीही गरज नाही. दालचिनीच्या केकमध्ये फोडीचा तपकिरी रंग कुणाला दिसणार? शेवटी चिरा आणि लगेच घाला.

दुसरी, कीस पिळला नाही. १०० ग्रॅम किसातून हलक्या हाताने दोन-तीन मोठे चमचे रस निघतो. तो पिऊन टाका किंवा तेवढं दही कमी करून त्याच्या जागी वापरा. पण चोथा होईपर्यंत पिळू नका, केकचा ओलसरपणा त्या किसातूनच येतो.

तिसरी, फोडी मोठ्या होत्या. दोन सेंटिमीटरची फोड दिसायला छान, पण तिच्याभोवती कच्च्या मिश्रणाचं कडं राहतंच. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण मोठ्या काबुली चण्याएवढी. त्याहून मोठी नको.

चौथी म्हणजे आच. १८० किंवा १९० वर भाजलेला लोफ बाहेरून फसवतो. लोफ टिन अरुंद आणि खोल असतो, मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. गोल केकला ३५ मिनिटं पुरतात, याला तास लागतो. म्हणून १७० अंश, आणि ओटीजीचा, म्हणजे घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनचा, वरचा रॉड जवळ असेल तर ३५ मिनिटांनंतर वर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाकायची. पंखा चालू असेल तर १५० ते १५५ अंश. काळ्या रंगाचा नॉनस्टिक टिन लवकर तापतो, त्याला दहा अंश कमी द्या. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत वीस अंशांचा फरक पडणं मुळीच दुर्मीळ नाही. आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर एकदा घेतला की पुढचे सगळे केक सुधारतात.

राहिली टूथपिक. टूथपिक तीन इंची केकच्या तळापर्यंत जातच नाही. लांब सुई किंवा स्वच्छ केलेली लोकरीची सुई घ्या आणि तीन ठिकाणी खुपसा: बरोबर मधे, आणि मधल्या भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक. फोडीतून गेली तर रसाने ओली निघेल, ते चालतं. तिला कच्चं मिश्रण लागलं असेल तर बोटांत चोळल्यावर पिठाचा चिकटपणा जाणवतो, नुसता रस बुळबुळीत लागत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटला: केकच्या मध्यात ९६ ते ९८ अंश दिसले की झाला.

एवढं सगळं नीट करूनही गरम केक कापला तर चिकटच निघेल. आतली वाफ बसून मैदा पक्का व्हायला किमान दीड तास लागतो. सुरी लावायची घाई हे निम्म्या तक्रारींचं कारण असतं.

प्रश्न : कुठलं सफरचंद घ्यावं? दुकानदार म्हणतो केकला स्वस्तातलं चालतं. (कोल्हापूर)

उत्तर : स्वस्त चालेल, पिठूळ चालणार नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त मिळतं ते लाल डेलिशियस आणि त्याच्या घराण्यातलं रॉयल. शिमल्याजवळच्या कोटगढ भागात सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून डेलिशियसची कलमं आणून लावली, आणि हिमाचलच्या बागांचा चेहराच बदलला. नुसतं खायला ही जात गोड आणि देखणी. केकसाठी तिच्यात दोन उणिवा आहेत. आंबटपणा फार कमी, आणि साठवणीत गर लवकर पिठूळ होतो. पिठूळ फोडीला पोत उरत नाही, ती भाजताना लगदा होऊन मिश्रणात मिसळून जाते.

म्हणून महिना पाहा. हिमाचलचा माल जुलैपासून येऊ लागतो, काश्मीरचा मुख्य बहर सप्टेंबर-ऑक्टोबरचा. या दिवसांत लाल डेलिशियसही करकरीत असतं, निर्धास्त वापरा, फक्त एक मोठा चमचा लिंबाचा रस ओल्या मिश्रणात घाला. आंबट काहीच नसेल तर दालचिनीची चव सपाट लागते. फेब्रुवारीनंतरचं फळ शीतगृहातलं असतं. ते घेताना एक फळ कापून पाहा: सुरी कर्र आवाज करून गेली तर घ्या, भुसभुशीत मऊ वाटली तर तो दिवस केळ्याच्या केकचा समजा.

हिरवं ग्रॅनी स्मिथ केकसाठी उत्तम. आंबट, घट्ट, भाजल्यावरही फोड उभी राहते. ते बहुतेक परदेशातून येतं आणि महाग पडतं. आमचा सल्ला असा की किसायला घरातलं लाल सफरचंद आणि फोडींना एकच हिरवं. खर्चही आवरतो आणि घास चावताना दोन चवी लागतात. सोनेरी डेलिशियस मिळालं तर तेही चांगलं. त्याची साल पातळ असते, काढली नाही तरी चालते. मेण लावलेल्या चकचकीत फळांची साल मात्र काढाच.

प्रश्न : फोडींना मैदा लावूनही त्या तळाशीच जाऊन बसतात. (पुणे)

उत्तर : मैदा लावल्याने फोड कोरडी राहते, हलकी होत नाही. मिश्रण पातळ असेल तर ती बुडणारच. या केकचं मिश्रण इडलीच्या पिठाहून घट्ट हवं. उलथण्यावरून गठ्ठ्याने खाली पडलं पाहिजे, धार लागता कामा नये. पातळ वाटलं तर दही दोन चमचे कमी करा. शिवाय एक साधी युक्ती: एक तृतीयांश मिश्रण फोडींशिवाय टिनमध्ये पसरा, उरलेल्यात फोडी मिसळून वर घाला. खाली सरकल्या तरी मधेच थांबतात.

प्रश्न : आमच्या परसात दालचिनीचं आणि जायफळाचं झाड आहे. घरच्या सालीची पूड घातली तर केकला वासच आला नाही, विकतची घातली तर आला. असं का? (कुडाळ)

उत्तर : तुमच्या झाडाचा दोष नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात दालचिनी म्हणून जी जाड, कडक, गडद तपकिरी साल मिळते ती बहुधा कॅशिया असते. तिचा वास झोंबरा आणि तिखट, भाजल्यावरही टिकणारा. कोकणातल्या बागांत लावतात ती खरी दालचिनी, श्रीलंकेची म्हणून जिला ओळखतात तीच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ ही जातही तिचीच. तिची साल पातळ, कागदासारखी गुंडाळलेली, बोटांनी चुरडता येते. वास गोडसर आणि मवाळ. तासभर भट्टीत राहिल्यावर तो आणखी मऊ होतो.

घरचीच वापरा, प्रमाण वाढवा: दीडऐवजी अडीच छोटे चमचे. ती मैद्याबरोबर चाळण्याऐवजी तेलात घाला. तेल बोटाला सोसेल इतपत कोमट करायचं, पूड घालून दहा मिनिटं ठेवायचं आणि तेच तेल वापरायचं. दालचिनीचा सुगंध तेलात विरघळतो, त्यामुळे केकभर सारखा पोचतो. पूड त्याच दिवशी करा. साल आधी तव्यावर मंद आचेवर मिनिटभर परता, गार होऊ द्या, मग मिक्सरमध्ये फिरवून बारीक चाळणीने चाळा. जाडसर कण राहिले तर दातांखाली लाकडासारखे लागतात.

जायफळ कधीही दळून ठेवू नका. बारीक किसणीवर आठ-दहा फटके मारले की पाव चमचा होतो. तुमच्याकडे जायपत्रीही असेल. जायफळाच्या निम्म्या प्रमाणात ती घालून पाहा, सफरचंदाशी तिचं फार जमतं. लवंगेच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा. दोनच्या चार झाल्या की केकला दंतमंजनाचा वास येतो, आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी वाढतो. वेलची घालावी का, असंही तुम्ही विचारलं आहे. घालता येते, पण मग जायफळ आणि वेलची मिळून केक पुरणपोळीच्या वासाकडे झुकतो. हवा असेल तर जरूर घाला.

प्रश्न : मधोमध दालचिनी-साखरेचा थर दिला. कापताना केकचे वर-खाली दोन तुकडे झाले. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : साखर वितळून पाक झाला आणि त्याने दोन थरांना जुळूच दिलं नाही. साखर दीड मोठ्या चमच्याहून जास्त नको, तिच्यात अर्धा छोटा चमचा मैदा मिसळा आणि भुरभुरल्यावर सुरीने दोनदा नागमोडी रेघ ओढा. सलग पापुद्रा तुटला की केक धरून राहतो.

प्रश्न : अंडं चालत नाही. अंड्याऐवजी दही वाढवलं तर केक दगड झाला. (सांगली)

उत्तर : दही अंड्याचं निम्मंच काम करतं. ओलावा देतं आणि सोड्याबरोबर फुगवतं. पण गरम झाल्यावर घट्ट होऊन केकचा सांगाडा धरायचं काम अंड्याचं, ते दह्याला जमत नाही. त्यामुळे बिनअंड्याच्या केकमध्ये मैद्यानेच सगळं पेलायचं असतं, आणि त्याच्यावर सफरचंदाचं ओझं कमी टाकायला हवं.

दही १६० ग्रॅम घ्या. त्यात अर्धा छोटा चमचा सोडा घालून ढवळा आणि पाच मिनिटं ठेवा, भांडं मोठं घ्या कारण ते फसफसून वर येतं. बेकिंग पावडर १ छोटा चमचा पुरे. साखर दह्यात आधी विरघळवून घ्या. मैदा घातल्यावर लागलं तर दोन-तीन मोठे चमचे दूध घाला. सफरचंद एकूण २०० ग्रॅम, सगळं अर्ध्या सेंटिमीटरच्या बारीक फोडींत, कीस मुळीच नको. आणि १६५ अंशांवर ६० ते ७० मिनिटं.

दगड होण्याचं खरं कारण बहुतेक वेगळं आहे. मैदा घातल्यानंतर गुठळ्या मोडायला तुम्ही खूप वेळ फेटलं असणार. फेटल्याने मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, चिवट होतं. केक कापल्यावर आत खालून वर जाणारी लांबट भोकं दिसली असतील तर तीच त्याची खूण. मैदा गेला की विस्कर बाजूला ठेवायचा आणि उलथण्याने पंधरा-वीस हात मारून थांबायचं.

प्रश्न : ओव्हन नाही. कुकरमध्ये लोफ टिन बसत नाही. (लातूर)

उत्तर : लोफचा हट्ट सोडा, ७ इंचाचा गोल टिन घ्या. चव तीच राहते, आणि उथळ असल्यामुळे मध्य कच्चा राहायची भीतीही कमी. कुकर नवा वापरू नका, कोरडा तापवल्याने त्याचा तळ काळा पडतो. त्यापेक्षा जाड बुडाची कढई आणि तिच्यावर घट्ट बसणारं झाकण चांगलं. तळाशी दीड वाटी जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा, झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग टिन ठेवून आच अगदी मंद. कुकरच वापरायचा असेल तर शिट्टी आणि झाकणाची रबरी रिंग दोन्ही काढा. पाणी अजिबात घालायचं नाही.

या पद्धतीत सफरचंदाची वाफ बाहेर जात नाही, ती झाकणाला लागून थेंबांनी केकवर पडते आणि वर ओले खड्डे होतात. म्हणून कीस वगळा, सफरचंद १५० ग्रॅमच घ्या, आणि अर्ध्या तासानंतर एकदाच झाकण उचलून झटकन कोरड्या फडक्याने पुसा. एकूण ४५ ते ५५ मिनिटं. वरची बाजू फिकट राहते. गार झाल्यावर उलटा करून वाढला की तळाची खरपूस बाजू वर येते.

प्रश्न : लोफ म्हणजे ब्रेड, मग यीस्ट का नाही? (जळगाव)

उत्तर : लोफ हा आकार. ब्रेडच्या साच्यात भाजतात म्हणून नाव तसं पडलं. फुगवण्याचं काम इथे बेकिंग पावडर करते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. ओलावा लागला की काम सुरू होतं, म्हणून मिश्रण तयार झाल्यावर टिन पाच मिनिटांत ओव्हनमध्ये गेला पाहिजे. फोनवर बोलत अर्धा तास ठेवलेलं मिश्रण फुगून मधे बसतं.

प्रश्न : मुलांसाठी कणीक आणि गूळ वापरायचाय. काय बदलायचं? (नागपूर)

उत्तर : पहिल्या वेळी निम्मी कणीक, निम्मा मैदा घ्या. चक्कीची कणीक मैद्यापेक्षा पाणी जास्त ओढते आणि हळू ओढते. म्हणून १०० ग्रॅम कणीक आधीच अंडी, दही, तेल आणि गूळ यांच्या मिश्रणात कालवून पंधरा मिनिटं ठेवा. कोंडा भिजतो, केक खाताना खरखरत नाही. त्यानंतर मैदा, बेकिंग पावडर, सोडा आणि मसाले चाळून घाला. सगळी कणीक वापरायची असेल तर दोन-तीन मोठे चमचे दूध वाढवा आणि कीस पिळू नका. या एका ठिकाणी सफरचंदाचं पाणी आपल्या कामाचं आहे.

गूळ १५० ग्रॅम, किसून दोन मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवायचा आणि गाळायचा, तळाशी बारीक रेती राहतेच. गरम दुधात घालू नका, दूध फाटतं. पूर्ण गार झाल्यावर अंड्यांत मिसळा. गुळाने केक लवकर काळसर होतो, तेव्हा १६० अंश आणि दहा मिनिटं जास्त. सुंठ थोडी वाढवा, पाऊण चमचा. गूळ, सुंठ आणि सफरचंद हे त्रिकूट साखरेच्या केकपेक्षा आम्हाला जास्त आवडतं, मोकळेपणाने सांगतो.

प्रश्न : इकडे मैदा म्हणून सेल्फ रेझिंग फ्लॉवर मिळतं आणि शेजारीण तिच्या झाडाची ब्रॅमली सफरचंदं पिशवीभर देते. दोन्ही चालतील? (लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : सेल्फ रेझिंग पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. ते २०० ग्रॅम घ्या आणि वरची बेकिंग पावडर वगळा, सोडा तेवढाच ठेवा. हे इंग्लंडपुरतं. अमेरिकेतल्या अशा पिठात मीठही घातलेलं असतं, तिथे वरचं मीठ वगळावं.

ब्रॅमली हे खास रांधायचं सफरचंद. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेलला मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ मध्ये लावलेल्या बीपासून ते आलं. खूप आंबट, आणि शिजलं की फेसासारखं विरघळतं. फोडी म्हणून घातलंत तर केकमध्ये आंबट पोकळ्या राहतील. म्हणून उलट करा. ब्रॅमली किसायला, फोडींना कॉक्स किंवा ब्रेबर्नसारखं घट्ट फळ. साखर २० ग्रॅम वाढवा. गॅसचा ओव्हन असेल तर मार्क ३.

तिथल्या दुकानात मिक्स्ड स्पाइसची बाटली मिळते. दालचिनी, जायफळ, लवंगेबरोबर तिच्यात बरेचदा धनेही असतात. आपल्याला ऐकून नवल वाटतं, पण सफरचंदाबरोबर छान लागतात. सगळ्या मसाल्यांऐवजी दोन छोटे चमचे घाला.

प्रश्न : सूर्यफुलाच्या बिया घातल्या, दुसऱ्या दिवशी त्या हिरव्या झाल्या. बुरशी समजून केक फेकला. (अमरावती)

उत्तर : बुरशी नव्हती. बियांमधलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्यामुळे हिरवं पडतं, खायला काही अपाय नाही. सोडा थोडा कमी करा आणि लिंबाचा रस घाला. त्याऐवजी अक्रोड घालायचे असतील तर ६० ग्रॅम, आधी भाजून.

प्रश्न : केकला वर लांब भेग पडते. आणि पावसाळ्यात तिसऱ्याच दिवशी खरंच बुरशी येते. कसा टिकवायचा? (डोंबिवली)

उत्तर : भेग पडावीच. कडा आधी पक्क्या होतात, मधलं मिश्रण नंतर फुगून वर येतं आणि कवच फोडतं. ती नेमकी मधे हवी असेल तर भाजायला ठेवण्यापूर्वी तेलात बुडवलेल्या सुरीने मिश्रणावर लांबीला एक रेघ ओढा.

टिकवण्याचं म्हणाल तर हा फळाचा केक आहे, बिस्किट नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बाहेर दोन दिवस, तेही पूर्ण गार झाल्यावर डब्यात ठेवला तर. कोमट केक डब्यात बंद केला की झाकणाला घाम येतो, आणि बुरशीची सुरुवात तिथेच होते. डब्यात तळाला आणि वर टिश्यू पेपर ठेवा, ओला झाला की बदला. साखरेचं कुरकुरीत कवच पहिल्या दिवशीच असतं, दुसऱ्या दिवशी ते मऊ पडतं. बदल्यात मसाले मुरतात आणि केक जास्त चांगला लागतो. पाहुणे रविवारी येणार असतील तर शनिवारी भाजा.

पावसाळ्यात आणखी एक पाहावं. बेकिंग पावडरचा डबा उघडून सहा महिने झाले असतील तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तर ठीक, नुसती विरघळली तर टाकून द्या. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात करायची.

दोन दिवसांपलीकडे ठेवायचा असेल तर फ्रिजपेक्षा फ्रीझर बरा, फ्रिजमध्ये केक सुकतो. गार झालेल्या केकच्या बोटभर जाड चकत्या कापा, प्रत्येकीमध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवून हवाबंद पिशवीत भरा. महिनाभर राहतात. खायच्या वेळी गोठलेली चकती थेट मंद तव्यावर ठेवा, वर थोडं लोणी, दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं. कडेच्या फोडी तव्याला लागून किंचित खरपूस होतात, तेव्हा काढा.